माळ्यावरून आलेला जवाब

उत्तर देऊन झाल्यावर ताराचंद परातेच्या ध्यानात आलं की आपण उत्तर दिलं आहे. तोवर उशीर झाला होता. 'वालेकुम अस्सलाम' हे शब्द त्याच्या तोंडातून निघून माळ्यावरच्या मोठ्या तांब्याच्या देगेत शिरले होते, तिथं एक गिरकी घेऊन, घुमून, चांगले भारदस्त होऊन खाली इद्रीसचाचांच्या रिकाम्या घरात उतरले होते. खाली चाचा उभे होते. चाचांच्या मते घरात दुसरं कोणीही नव्हतं, आणि चाचांचं मत बरोबर होतं. ताराचंद घरात नव्हता, घरावर होता.

त्याचं असं की ही दोन घरं मुळात एकच मागशाळा होती. ताराचंदचे वडील नानाजी आणि शेजारचे इद्रीस अन्सारी, एक कोष्टी आणि एक मोमीन, दोघांचे हातमाग तिथं समोरासमोर खटखटत. पुढं माग गेले, दोघंही मिलमध्ये लागले, दोघांचीही लग्नं झाली, तेव्हा मधे भिंत घालायचं ठरलं. भिंत माळ्याच्या फळ्यांपर्यंत आली आणि विटा संपल्या. वर अंधारात कोण बघतं, असं म्हणून दोघांनी हात धुतले. त्यामुळं गोळीबार चौकाच्या मागच्या त्या गल्लीत खाली दोन बिऱ्हाडं, दोन चुली, दोन धर्म होते आणि माळा एकच होता. होळी झाली की नागपुरात जो तो माळ्यावर चढतो. वाळ्याच्या ताट्या खाली काढायच्या, झटकायच्या, खिडकीला बांधून पाणी मारायचं, तरच पुढचे महिने माणूस माणसात राहतो. शुक्रवार हा ताराचंदच्या सुट्टीचा वार. आई भागीरथानं त्याला वर चढवलं. ताटी हिवाळाभर सरकत सरकत चाचांच्या हद्दीत गेली होती. तो पोटावर सरपटत तिच्यामागं गेला. गुडघ्याखाली जुने कागद फडफडले, वाळ्याचा वर्षभर कोंडलेला वास उठला, आणि त्याचं डोकं खैरूनचाचीच्या देगेपाशी येऊन टेकलं. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. देग गल्लीतल्या लग्नांना उसनी जायची आणि परत येऊन तिथं आडवी पडायची. तेवढ्यात खाली कडी वाजली. जुम्म्याच्या नमाजाहून चाचा परतले होते. उंबऱ्यात पाऊल टाकून ते नेहमीसारखे रिकाम्या घराला म्हणाले, "अस्सलामु अलैकुम."

आणि ताराचंदनं जवाब दिला. विचार करून दिला असता तर दिला नसता. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसा तो उडाला. ही सवय चाचांनीच लावली होती. तो लहान असताना एकदा चाची माहेरी गेलेली, आणि चाचा कुलूप काढून आत शिरता शिरता सलाम करताना त्यानं पाहिलं.

"चाचा, घरात त कोणी नाही."

"दिसत नाही म्हन."

"मंग सलाम कोणाले केला?"

"जो आहे त्याले. फरिश्ते असतेत बाबू. घर काही रिकामं राह्यते का?"

"मंग दिसत काहून नाही?"

चाचांनी थोडा विचार केला. "दिसले असते त तुह्या मायनं त्यायले पाणी भराले लावलं असतं."

ताराचंदला हे पटलं. आई कोणालाही पाणी भरायला लावत असे. त्यानंतर काही दिवस तो अंथरुणात भिंतीकडं सरकून झोपायचा, एखाद्याला टेकायला जागा असावी म्हणून. आणि चाचांनी तेव्हाच दुसरंही सांगितलं होतं: कोणी सलाम केला आणि जवाब नाही दिला, तर तो बिचारा सलाम हवेत लटकून राहतो, वाळत घातलेल्या सुतासारखा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाला लागतो. गल्लीतली पोरं तेव्हापासून चाचांच्या सलामावर तुटून पडायची. बाकीची पोरं मोठी झाली, ताराचंदची जीभ तेवढी तिथंच राहिली.

फळ्यांच्या फटीतून त्यानं खाली पाहिलं. चाचांची जाळीची टोपी दिसत होती आणि कडीवरचा हात. हात बराच वेळ कडीवरच राहिला. मग चाचांनी मान थोडी वर करून हवेत वास घेतला. मग ते उंबऱ्यात खाली बसले आणि त्यांनी एका पायातला जोडा काढला. दुसरा काढायचा राहून गेला. ते एक जोडा घातलेले आणि एक जोडा हातात धरलेले तसेच बसून राहिले, बस चुकलेल्या माणसासारखे नाही, बस वेळेआधी आलेली पाहून घाबरलेल्या माणसासारखे. वरून 'चाचा, मी आहे, ताऱ्या' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य लहान होतं. ते त्याच्या दाताशी येऊन उभंही राहिलं. पण त्याच वेळी ताराचंदच्या छातीत काहीतरी गरम, लाजिरवाणं, गोड पसरत होतं. त्याचं बोलणं कोणीतरी खरं मानलं होतं.

कारण ताराचंद बसस्टँडवर गाड्या पुकारायचा. स्टँडच्या मागच्या बाजूला एक लाकडी खोली, तिला एक काच, काचेपलीकडं वडाची पारंबी, आणि पुढ्यात मायक्रोफोन. सगळी प्रवासी जनता त्याला ऐकायची, पाहिलं कोणीच नव्हतं. 'उमरेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे,' तो म्हणायचा, आणि नेमका कर्ण्याखाली उभा असलेला माणूस शेंगदाणेवाल्याला विचारायचा, "उमरेडची कुठं लागते गा?" ताराचंदची तक्रार नव्हती. त्यानं एवढाच निष्कर्ष काढला होता की जो दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवणं ही गोष्ट पुस्तकात असते. माणसं शेंगदाणेवाल्याला विचारतात. स्वतः तो तर कोणालाच काही विचारायचा नाही. देव, भूत, फरिश्ते या सर्वांना त्यानं नानाजी गेल्यापासून रजा दिली होती. नानाजी दिवसाउजेडी गेले, आणि तो तेव्हा भंडाऱ्याची गाडी पुकारत होता. सांगायला इद्रीसचाचा स्टँडवर धावत आले. त्यांना खोली माहीत नव्हती. ते आवाजामागं एकेक फलाट हिंडले, आणि शेवटी काचेवर थाप मारून आत आले तेव्हा घामानं निथळत होते. "तुहा आवाज सगळीकून येऊन राहिला न तू कुठीच नाहीस," असं ते आधी म्हणाले, आणि मग बातमी सांगितली. ताराचंदला बातमीपेक्षा ते पहिलं वाक्यच जास्त आठवायचं. त्याआधी रोज घरी आल्यावर तो दारातून म्हणायचा, "बाबा, आलो." कोपऱ्यातून नानाजींचा खोकला यायचा. तेच उत्तर, भिंतीपलीकडं चाचांनाही पाठ झालेलं. मागाच्या सुताचा कोंडा दोघांच्याही छातीत बसलेला, नानाजींच्या आणि चाचांच्या. चाची म्हणायची, दोघांचा खोकला एकाच थानातून फाडला आहे. नानाजी गेल्यावरही काही महिने ताराचंद दारातून म्हणत राहिला, "बाबा, आलो." मग एक दिवस आईनं हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्या दिवसापासून त्यानं सोडलं. आपल्याला समज आली असं त्याला वाटलं होतं.

तर असा हा समज आलेला माणूस माळ्यावर पालथा पडून चाचा नळावर हातपाय धुवायला जाईपर्यंत श्वास धरून राहिला, आणि मग ताटी न घेताच आपल्या बाजूला सरपटत आला. खाली उतरला तेव्हा अंगभर कोळिष्टकं होती. "ताटी कुठी आहे?" आईनं विचारलं. "उद्या काढतो," तो म्हणाला. "उद्या काहून? वर का देव बसला आहे?" आई म्हणाली. ताराचंद अंगावरची कोळिष्टकं झटकत राहिला.

त्याला वाटलं होतं चाचा खूश होतील. म्हातारा एकटा आहे, मुलगा नईम भिलाईला, सून-नातवंडं तिकडंच. झाला थोडा आनंद तर कोणाचं काय गेलं? आपण काही न मागता मिळालेल्या या फरिश्त्याच्या नोकरीत एक दिवस काम केलं, आणि राजीनामा दिला. पण भिंतीपलीकडून येणारे आवाज बदलले. इतकी वर्षं चाचांचा सलाम झाला की लागलीच जोडे काढल्याचा आवाज यायचा, मग टोपी खुंटीला, मग माठावरचं झाकण. आता सलाम व्हायचा आणि पुढं काहीच यायचं नाही. मधे एक भोक पडलं होतं. ताराचंद आपल्या बाजूला जेवता जेवता त्या भोकात पडायचा. घास हातात राहायचा. मग पलीकडं कडी वाजायची, चाचा बाहेर जायचे, पुन्हा आत यायचे. सलाम. भोक. कडी. सलाम. आवाज दर वेळी थोडा जास्त अदबीचा होत होता, साहेबाच्या दारावर पुन्हा पुन्हा टकटक करणाऱ्या माणसासारखा, आणि तो ऐकून ताराचंदच्या कानामागं घाम यायचा. एकदा तर तो न राहवून वर चढला. देगेपाशी तोंड नेऊन पडला. चाचा आत आले, सलाम केला, आणि थांबले. ताराचंदनं तोंड उघडलं, तर शिंक आली. त्यानं नाक दाबून धरलं. त्या लोकांत शिंकेलाही जवाब असतो हे त्याला चाचांनीच शिकवलं होतं. आपण शिंकलो तर चाचा खालून दुवा देणार, दुवेवर आपल्याला पुन्हा काही म्हणावं लागणार, आणि हे प्रकरण कुठल्या फलाटावर जाऊन थांबेल याचा काही भरवसा नव्हता. डोळ्यांतून पाणी काढत त्यानं शिंक गिळली. खाली चाचा हळूच म्हणाले, "माह्याकून काही चुकलं का?" ते त्याला उद्देशून नव्हतं. तरी उत्तर त्याच्यापाशीच होतं.

चाचांनी ही गोष्ट भागीरथाला सांगितली, कोणाला सांगू नको म्हणून. भागीरथानं ती नळावर सांगितली, कोणाला सांगू नका म्हणून. ती रोज सकाळी चाचांच्या उंबऱ्यावर दोन मोगऱ्याची फुलं ठेवू लागली.

"अवं माय, ते त्यायचं आहे ना," ताराचंद म्हणाला.

"त्यायचं असो की आपलं. भिंत खालीच आहे. वर त एकच आहे ना?"

ताराचंदला ठसका लागला.

"तुले काय झालं? आन हे पाह, चाचा जेवून नाही राहिले बरोबर. काल मी भाजी दिली त तशीच वापस. मशिदीत बी नाही गेले, म्हणे मी बाहीर गेलो न तेवढ्यात तो आला त? लोकं हासून राहिले. कोणीतरी नईमले कळवलं. इतवारच्या दिवशी येऊन राहिला तो, बापाले घेऊन जातो म्हणते. भिलाईले नेऊन काय करन? दवाखान्यातच दाखवन ना डोक्याच्या."

रविवार उद्यावर आला होता. दुपारी स्टँडवरून परतताना ताराचंदला चाचा ओट्यावर बसलेले दिसले. गालफडं आत गेली होती. दार त्यांनी पाठीमागं उघडंच ठेवलं होतं, आणि कान दाराकडं. ताराचंद शेजारी टेकला. ओटा तापला होता. बूड भाजत होतं, आणि ते बरंच वाटलं.

"ताऱ्या," चाचा म्हणाले, "तू शिकला-सवरला आहेस. सांग मले. गैब म्हणजे काय?"

"जे दिसत नाही ते."

"हाव. न दिसते, न ऐकू येते. कुराणात सुरवातीलेच लिवलं आहे, गैबवर इमान ठेवा. मी ठेवलं. सारी उमर त्या घराले सलाम केला न एकदाही वाट नाही पाह्यली. जवाब येत नव्हता न मले खटकत नव्हतं. तो आपला तिथं आहे, मी आपला इथं आहे. जोडे काढले, पाणी पेलो, बस्स. आन आता त्यानं एकदाच जवाब देल्ला त मी भिकारी झालो गा. आता मी त्याले सलाम नाही करून राहिलो. मी जवाबाले सलाम करून राहिलो. नमाजात उभा राह्यतो न कान घराकडे. हे काय इमान आहे? पह्यले माह्यापाशी होतं. तो बोलून घेऊन गेला."

ताराचंद समोरच्या गटारातल्या उन्हाच्या तुकड्याकडं पाहत राहिला. तो तुकडा हलत होता. आपण एक म्हातारा लुटला, असं त्याला स्वच्छ दिसलं, आणि लुटलेली चीज अशी की परत करायला ती हातात नव्हतीच.

"चाचा, तो मी होतो."

"कोण?"

"जवाब देणारा. माळ्यावर होतो. वाळ्याची ताटी काढाले गेलो होतो. तोंडातून निघून गेलं."

चाचांनी त्याच्याकडं फार दयेनं पाहिलं. "तुहं मन मोठं आहे बाबू. बुढा पागल होऊन राहिला म्हणून आपल्या अंगावर घेऊन राहिला."

"नाही चाचा, सच्ची."

"अबे, तुहा आवाज मले मालूम नाही का? स्टँडवर ऐकतो ना. नाकातून येते. तो आवाज..." चाचांनी हात वर नेऊन हवेत एक मोठा गोल काढला. "असा होता."

"देगेतून आला म्हणून."

"आन खुशबू?"

"वाळा."

"फडफड झाली होती. पंखावानी."

"माह्या गुडघ्याखाली रद्दी होती."

ताराचंदच्या लक्षात आलं की आपण एका फरिश्त्याची पिसं एकेक करून उपटतो आहोत, आणि तरी चाचांचा विश्वास बसलेला नाही. उभ्या आयुष्यात एकदा खोटं बोललो ते पटलं, आणि आज खरं बोललो तर हा माणूसही शेंगदाणेवाल्याकडं निघाला. तो उठला. "तुम्ही बाहीर उभे राहा. मी वर जातो. मंग आत या न सलाम करा."

"राहू दे गा."

"नाही. करा."

वर अंधार तसाच होता. तो सरपटत गेला, ताटी ढकलली, वास उठला, कागद फडफडले, देग गालाला थंडगार लागली. खाली कडी वाजायची तो वाट पाहू लागला. आपण ज्याची वाट पाहायला चाचांना लावलं ते हे, असं त्याच्या मनात आलं. अंधारात पडून कान लांब करायचे. कडी लवकर वाजेना. बाहेर चाचा उभे असतील, दारावर हात ठेवून. कदाचित त्यांनाही नको असेल. तो अजून सरपटत मागं जाऊ शकत होता. मग खाली काही येणार नाही. चाचा म्हणतील, पाहिलं, पोरगं खोटं बोललं, आणि तो मोठा गोल आवाज त्यांच्यापाशी राहील, उद्या नईमच्या मागं भिलाईच्या गाडीत बसतानाही राहील, आणि ते तिथल्या प्रत्येक दारात थांबतील. कडी वाजली.

"अस्सलामु अलैकुम," चाचा म्हणाले. अगदी बारीक आवाजात. चुकून ऐकू गेलं तर ठीक, अशा.

ताराचंदनं डोळे मिटले. "वालेकुम अस्सलाम," तो म्हणाला. देगेनं ते घेतलं, फिरवलं, मोठं केलं आणि खाली सोडलं. आपला आवाज इतका चांगला असू शकतो याचं त्यालाही आश्चर्य वाटलं. आणि मग, ते सुंदर राहू नये म्हणून, त्यानं नाकातून जोडलं, "उमरेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे."

खाली काही हललं नाही. मग एक आवाज आला. आधी त्याला वाटलं चाचा रडतात. ते हसत होते, पण सगळं हसणं नव्हतं. मधे मधे काहीतरी तुटत होतं आणि त्यावर खोकला येत होता. बऱ्याच वेळानं, निरोप आणणाऱ्या बड्या फरिश्त्याचं नाव घेऊन, ते म्हणाले, "उतर खाली, जबराईलच्या."

तो आपल्या बाजूनं उतरून, अंगावरची जाळी पुसत त्यांच्या दारात गेला. चाचा जमिनीवर बसले होते. दोन्ही जोडे काढलेले होते. "वाईट वाटलं का?" त्यानं विचारलं.

"वाटलं. झूट काहून बोलू? सालं वाटलं होतं, मी एवढा मोठा झालो का कोणी बोलन माह्याशी." त्यांनी टोपी काढून टकलावर हात फिरवला. "पण आता हलकं वाटून राहिलं. तो जिथं होता तिथं वापस गेला गा. दिसत नाही, ऐकू येत नाही. आता बरोबर आहे." मग त्यांनी माठाकडं बोट दाखवलं. "पाणी दे. आन आईले म्हन, भाजी आहे का सकाळची."

रविवारी नईम आला. बापानं आणलेलं मटण भागीरथानं आपल्या झणझणीत पद्धतीनं रांधलं. नईम घाम पुसत जेवला, बापाला मशिदीत जाताना आणि परत येताना पाहिलं, डोक्यात काही दोष आढळला नाही, आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. उंबऱ्यावरची फुलं मात्र भागीरथानं थांबवली नाहीत. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिच्या हिशेबात फरक पडला नसता. ताटी खिडकीला लागली. दुपारी तिच्यावर पाणी मारलं की वास दोन्ही घरांत जायचा. भिंतीपलीकडं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं: कडी, सलाम, आणि लागलीच जोडे, टोपी, माठाचं झाकण. मधलं भोक बुजलं होतं. ताराचंदचा घास आता थांबत नव्हता. खरं तर त्याला थोडं चुकल्यासारखं व्हायचं.

वैशाखात भागीरथा बहिणीकडं उमरेडला गेली. गाडी त्यानंच पुकारली; ती फलाट तीनवर उभी राहून शेंगदाणेवाल्याला काहीतरी विचारताना त्याला काचेतून, पारंबीआडून दिसली. दुपारी तो घरी आला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यानं कुलूप काढलं, दार ढकललं. आत अंधार, ओल्या वाळ्याचा गारवा, कोपऱ्यात नानाजींचा उभा केलेला पाट, आणि कोणीही नाही. तो उंबऱ्यात उभा राहिला. सूप खाली ठेवून पाहणारंही कोणी नव्हतं. जीभ उगाच टाळूला लागून सुटली.

"बाबा, आलो," तो म्हणाला.

शब्द आत गेले, भिंतीला लागले, वर चढले. वर तर भिंत नव्हतीच. पलीकडं चाचा घरीच होते. त्यांचा पंखा ऐकू येत होता. त्यांच्या छातीतून खोकला निघाला, तोच, एका थानातला, घशापर्यंत आला, आणि मधेच थांबला. चाचांनी तो दाबून धरला होता. तोंडावर उपरणं घट्ट धरल्याचं, खाट करकरल्याचं, म्हाताऱ्यानं सगळा जीव लावून न खोकल्याचं ताराचंदला स्पष्ट ऐकू आलं.

मग त्यानं चपला काढल्या, सदरा खुंटीला लावला, आणि माठावरचं झाकण उचललं.